एक, चार, नऊ, सोळा

"पाहिलंत काय? मग कसं सांगता?"

हा प्रश्न ते कोणालाही विचारायचे. देवळातल्या गुरुजींना, वांगी विकणाऱ्या बाईला, खुद्द हेडमास्तरांना. विचारताना उजवा तळहात कपाळाला आडवा लावायचे, जणू समोरचा माणूस नदीपलीकडे उभा आहे. ऐकणारा कधी गप्प व्हायचा, कधी चिडायचा. मी आधी चिडायचो आणि मग गप्प व्हायचो.

ते आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत अटेंडर होते. काचेची भांडी धुणं, स्पिरिटचा दिवा भरणं, कपाटाच्या किल्ल्या सांभाळणं आणि तास चालू असताना मागच्या भिंतीशी उभं राहणं, हे त्यांचं काम. मी त्याच शाळेत विज्ञानाचा नवा मास्तर. दोघेही तंजावूरच्या राजवाड्यामागच्या एकाच गल्लीतले, पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेले मराठी. तमिळ माणसं आम्हा लोकांना 'रायर' म्हणतात. एका शाळेत दोन रायर झाले, म्हणून ते 'पेरिय रायर', म्हणजे थोरले, आणि मी 'चिन्न रायर', धाकटा. ही विभागणी वयावरून झाली असं मी बरीच वर्षं समजत होतो.

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. पोरांना मराठी समजतं, पण उत्तरं तमिळमध्ये येतात. एक मागणी मात्र शुद्ध मराठीत येते: "अप्पा, रायरांची लिंबाची गोष्ट सांगा." ती मी शंभरदा सांगितली असेन. तुम्हालाही सांगतो. पुढचं पोरांना कधी सांगितलं नाही, ते तेवढं इथे सांगायचं आहे.

एका लग्नासाठी आम्ही दोघे रेल्वेनं पापनाशमला निघालो होतो. मी सहज म्हणालो, "रायर, पृथ्वी फिरते असं मी वर्गात शिकवतो खरा. पण आमची आत्या विचारते, एवढी भिरभिर फिरते तर घरट्यातून उडालेल्या कावळ्याला घरटं परत कसं सापडतं? मला सांगता येत नाही."

त्यांनी आहेराच्या पिशवीतून एक लिंबू काढलं आणि उभे राहिले.

"गाडी चालली आहे की थांबली आहे?"

"चालली आहे."

"पाहा हं." लिंबू डोक्यावर उंच धरून त्यांनी सोडलं. ते त्यांच्याच अंगठ्याशी पडलं. पुन्हा उचललं, पुन्हा सोडलं. तिसऱ्या खेपेला समोरच्या बाईनं आपलं मूल छातीशी धरलं आणि ती किंचाळली, "अय्यो! लिंबू उतरवून टाकायलेत हो हे! आमच्याच पायाशी!" दोन मिनिटांत अख्खा बाक रिकामा झाला.

रायर शांतपणे खाली बसले. "लिंबू मागं राहिलं काय? नाही. गाडीनं त्याला आधीच आपली चाल दिलेली होती. तसं कावळ्याला पृथ्वीनं दिलेली असते. आत्याला सांग." मग पाय लांब करून म्हणाले, "आणि आडवं व्हायला जागाही झाली बा."

इथे पोरं हसतात. मीही हसतो, आणि गोष्ट संपवतो.

शिक्षण त्यांचं इंटरपर्यंत झालेलं. वडील गेले म्हणून परीक्षा राहिली ती राहिलीच. पण जगाचा गाडा उलटा फिरवणारी ती जुनी माणसं त्यांना आपल्या भाऊबंदांसारखी ठाऊक होती. नाव मात्र एकाचंही घ्यायचे नाहीत. "नावं तुमच्या पुस्तकात आहेत. परीक्षेत मुलं नाव लिहितात नि माणूस विसरतात." त्यामुळे त्यांच्या बोलण्यात एक 'पोलंडचे मठवाले' होते, ज्यांनी सूर्याला मध्ये बसवलं आणि पुस्तक मात्र मरणाच्या दारी जाईपर्यंत छापू दिलं नाही. एक 'पितळी नाकाचे' होते, ज्यांनी दुर्बीण नसताना नुसत्या डोळ्यांनी ग्रह मोजले. 'त्यांचे कारकून' होते, ज्यांनी त्या आकड्यांशी वर्षानुवर्षं डोकं फोडून मंगळाचा रस्ता वाटोळा नाही, चेपलेला आहे, हे काढलं. आणि सगळ्यांत लाडके 'इटलीचे म्हातारे'.

माझ्या लग्नात आम्हा नवरा-नवरीला झोपाळ्यावर बसवून बायका गाणी म्हणत होत्या, तर हे खांबाला टेकून मांडीवर ताल धरून मोजत होते. आमच्यानंतर माझी सव्वादोन मणांची मावशी हौसेनं बसली, तिच्यानंतर तिचा दोन वर्षांचा नातू. रायरांनी भर मांडवात जाहीर केलं, "तिन्ही झोक्यांना वेळ तेवढाच! वजनाचा काही संबंध नाही! इटलीच्या म्हाताऱ्यांना हे देवळातल्या दिव्यावरून सुचलं होतं." मावशी त्यांच्याशी वर्षभर बोलली नाही. इटलीच्या म्हाताऱ्यांशीही बोलली नसती.

याच म्हाताऱ्यांवरून आमचं एकदा वाजलं. धर्मपीठापुढे त्यांनी गुडघे टेकले आणि 'पृथ्वी फिरत नाही' असं म्हणून टाकलं, हे मी नुकतंच वर्गात शिकवलं होतं. मी पंचविशीत होतो, त्या वयात दुसऱ्याचं शौर्य फार स्वस्त असतं. मी म्हणालो, "एवढा मोठा माणूस, पण भित्रा निघाला."

रायर ओट्यावर बसून दिव्याच्या काचा पुसत होते. "जाळायची भीती घातलेली तू पाहिली आहेस काय? सत्तरीत? गुडघे दुखत असताना?"

"नाही."

"मग कसं सांगतोस?" काच उजेडाकडे धरून ते म्हणाले, "ते स्वतःच्याविरुद्ध खोटं बोलले बा. दुसऱ्या कोणाच्या नाही. त्याला माफी आहे."

हे वाक्य मी तेव्हा कानाआड केलं.

त्या वर्षी रशियानं आकाशात पहिला कृत्रिम चंद्र सोडला होता. सगळं तंजावूर संध्याकाळी गच्चीवर. वर्तमानपत्रवाल्यांनी काय लिहिलं होतं कोण जाणे, पण तो आपल्याच डोक्यावर पडणार याची आमच्या गल्लीला खात्री होती. रायर म्हणायचे, "पडतोच आहे तो. पडता पडता पृथ्वीला चुकवतो, एवढंच. आपला चंद्रही तसाच पडतो आहे." लोक घाबरून आत जायचे.

हेडमास्तरांनी हुकूम काढला, यंदा इन्स्पेक्टर येतील तेव्हा विज्ञानात काहीतरी दाखवण्यासारखं पाहिजे. माझ्यापाशी दाखवण्यासारखा एक नवा कोट होता. रायरांपाशी फळी होती.

मोडक्या बाकाची ती सोळा वीत लांब फळी त्यांनी रजेच्या दिवसांत घासली होती. मधून खोबण पाडली, मेण चोळून ती गुळगुळीत केली. एका टोकाखाली वीतभर उंचीच्या विटा. वरून पितळेची गोळी सोडली की खोबणीतून घरंगळत खाली. गल्लीतल्या नाचाच्या मास्तरांकडून घुंगरं मागून आणली आणि खोबणीवर आडव्या तारांना लटकवली, वरच्या टोकापासून एका विती‍वर, चार वितींवर, नऊ वितींवर आणि सोळा वितींवर. अंतरं वाढत जाणारी. पण गोळी सोडली की घुंगरं वाजायची अगदी समान तालात. छन्. छन्. छन्. छन्. शाळेचं स्टॉपवॉच स्वतःच्या मर्जीनं चालायचं, म्हणून हे सगळं त्यांनी मांडीवर हात आपटून बसवलं होतं. तंजावुरात घड्याळाची अडचण पडत नाही, तालाला पक्का माणूस दर घरात एक असतोच.

"पडणारं धावत येतं हे कुत्र्यालाही ठाऊक आहे," ते मला समजावत होते. "दोन हजार वर्षं थोर थोर लोक विचारत बसले, का पडतं? म्हाताऱ्यांनी एवढंच विचारलं, कसं पडतं? किती वेळात किती? दुप्पट वेळ, चौपट वाट. तिप्पट वेळ, नऊपट. इथूनच सगळं सुरू झालं बघ. या फळीवरून सरळ चंद्रापर्यंत जाता येतं."

मी मान डोलावली. मला कळलं नव्हतं. बी.एस्सी. झालेल्या माणसाला न कळल्याचं सांगता येत नाही, एवढंच माझं विज्ञान.

त्यांची एकच इच्छा होती. आठवड्यातून एक तास टेबलाच्या पुढच्या बाजूला उभं राहून मुलांना स्वतः प्रयोग दाखवायचा. हुद्दा नको, पगार नको. हेडमास्तर म्हणाले होते, "नियमात बसत नाही. इन्स्पेक्टरांनी तसा शेरा दिला तर देतो." मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "रायर, मी सांगतो त्यांना. माझ्यावर सोडा."

इन्स्पेक्शनच्या दिवशी ते बंद गळ्याचा कोट घालून आले. लग्नातला असावा, बटणं लागत नव्हती. कॉलरला कापराचा वास येत होता. "सांगशील ना?" त्यांनी दारातच विचारलं. "म्हणजे, सांगाल ना, सार?" शाळेच्या फाटकाच्या आत ते मला नेहमी 'तुम्ही' म्हणायचे, वर तमिळ धाटणीचं 'सार', म्हणजे सर. गल्लीत 'तू'.

"सांगणार म्हणजे काय, सांगितलंच समजा."

आता माझी करामत ऐका. इन्स्पेक्टर येण्याआधी पाच मिनिटं मी फळीकडे पाहिलं. घुंगरं कशी वेडीवाकडी, वर दाटीनं, खाली विरळ, म्हाताऱ्याच्या दातांसारखी. पाहुण्यांपुढे हे बरं दिसत नाही. रायर मुलांना रांगेत बसवायला बाहेर गेले होते. मी पट्टी घेऊन चारही घुंगरं चार-चार वितींवर नीट, देखणी, समान अंतरावर लावून टाकली.

इन्स्पेक्टर तपकीर ओढणारे, गोल चेहऱ्याचे गृहस्थ. खुर्चीवर बसले. रायर आपल्या जागी, मागच्या भिंतीशी. मी तमिळमध्ये भाषण ठोकलं: "गोळीचा वेग वाढत जातो, पण पाहा, ही घुंगरं समान तालात वाजतील." आणि गोळी सोडली.

छन्... छन्. छन्‌छन्.

मुलं हसली. मी पुन्हा सोडली. पुन्हा तेच. शेवटची दोन घुंगरं तर माझ्याकडे पाहून दात काढत होती. मला चूक समजेना. इन्स्पेक्टरांनी तपकिरीची डबी बंद केली.

तेव्हा मागून आवाज आला. मराठीत. अगदी संथ, घरी भाजी काय करायची असं विचारावं तसा: "घुंगरं हलवलीत काय? एक, चार, नऊ, सोळा. पहिल्यासारखी ठेवा."

त्या खोलीत मराठी समजणारे आम्ही दोघेच. त्यांनी त्या भाषेत सांगितलं ते माझी अब्रू राखायला.

इन्स्पेक्टर वळले. "काय म्हणतोय तो?"

मी त्यांना सांगू शकत होतो, हा प्रयोग यांचाच, चूक माझी, ती यांनी दुरुस्त केली. एवढंच वाक्य. तेच तर मला एरवी सांगायचं होतं, ज्याचं वचन दिलं होतं. मी म्हणालो, "तुमच्यासाठी पाणी आणू का म्हणून विचारतोय, सार."

"अरे वा. आणू दे. ऊन फार आहे."

रायरांना तमिळ माझ्याइतकंच येत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार नाही, गोळी एका घुंगरापासून दुसऱ्यापर्यंत जाते तेवढा वेळ. मग "सरी, सार" म्हणाले, 'बरं, सर' अशा अर्थाचं, आणि निघाले. माझं खोटं त्यांनी खरं केलं. विहीर मैदानाच्या पलीकडे. त्या उन्हात लग्नाचा कोट घातलेला माणूस हातात तांब्या घेऊन चाललेला खिडकीतून मला दिसत होता.

तेवढ्यात मी घुंगरं हलवली. एक, चार, नऊ, सोळा. गोळी सोडली. छन्. छन्. छन्. छन्. इन्स्पेक्टरही याच जिल्ह्यातले, त्यांचा हात आपोआप मांडीवर पडायला लागला. "भले! पुन्हा!" चार वेळा सोडायला लावली. "कोणाची कल्पना ही?"

"इथे शाळेतच केलं, सार."

या वाक्यात माणूस नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. त्यांच्या आलं नाही. त्यांनी वहीत लिहिलं, 'शिक्षकाची कल्पकता प्रशंसनीय.'

रायर पाणी घेऊन आले. इन्स्पेक्टरांनी पेला वर धरून, ओठ न लावता घटाघट घशात ओतलं. "पाणी गोड आहे. पण वर्ग चालू असताना अटेंडरनं मध्ये बोलू नये." तेही वहीत लिहिलं. रायरांनी रिकामा पेला घेतला.

मी त्यांच्या तासाचा विषय काढला नाही. कसा काढणार? काढला असता तर हा माणूस मघाशी खरं काय म्हणाला, हे निघालं असतं. एक खोटं राखायला दिलेलं वचन मोडावं लागतं, हा हिशेब मात्र मला पटकन समजला.

इटलीच्या म्हाताऱ्यांपुढे आग होती. माझ्यापुढे तपकीर ओढणारा एक बरा माणूस होता, आणि त्याला तहान लागली होती. शिवाय म्हातारे स्वतःच्याविरुद्ध खोटं बोलले.

संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यासमोरून मुद्दाम हळू गेलो. शिव्या द्याव्यात, म्हणजे सुटलो, असा माझा बेत. ते तार वाकवत बसले होते.

"नंतर गोळी नीट घरंगळली काय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरं झालं. तुम्ही जेवा जा, उशीर झाला."

गल्लीत 'तुम्ही'. त्यानंतर कायम.

पुढे त्या फळीला बरंच नाव मिळालं. इतर शाळांतून बोलावणी आली. तिरुवैयारूच्या शाळेत दाखवायला न्यायची होती तेव्हा बसच्या टपावर चढून ती दोरीनं बांधली रायरांनीच. "चिन्न रायरांची घुंगरं" म्हणून लोक ओळखायला लागले. दोरीची गाठ ओढून पाहत ते म्हणाले, "घट्ट आहे. आता हलायची नाही." मी तिकिटाच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

इन्स्पेक्टरांचा शेरा त्यांनी अक्षरशः पाळला. वर्गात पुन्हा एक शब्द बोलले नाहीत. सात वर्षं. त्या सात वर्षांत मी काय काय चुकीचं शिकवलं असेल! एखादं वाक्य बोलताना शंका आली की माझी नजर मागे जायची. ते खिडकीबाहेर पाहत असायचे. चूक आहे की नाही एवढं त्यांच्या चेहऱ्यावरून कळावं म्हणून मी थांबायचो, मुलं वाट पाहायची, आणि मग मी तसाच पुढे जायचो. पहिल्या वर्षी मला राग यायचा, याचंच आश्चर्य वाटतं. जणू त्यांनीच माझं काही बुडवलं होतं.

निवृत्तीच्या दिवशी सभा झाली. हार, केळी, बुंदीचा लाडू. मी आदल्या दिवशी भाषण लिहून काढलं होतं. त्यात पाणी होतं, कोट होता, सगळं होतं. बायकोला दाखवलं नव्हतं. हे वाचून तिलाही पहिल्यांदाच कळेल. उभा राहिलो, समोर हेडमास्तर, सगळा स्टाफ, पुढच्या रांगेत रायर हार घालून बसलेले. कागद खिशातच राहिला. मी लिंबाची गोष्ट सांगितली. लोक पोट धरून हसले. रायरही हसले, त्या बाईचा किंचाळता आवाज मी काढला तेव्हा त्यांनी डोळे पुसले.

बाहेर पडताना मी त्यांना गाठलं. "रायर, त्या दिवशी, इन्स्पेक्टर आले होते तेव्हा..."

"छान बोललात," ते म्हणाले. "त्या बाईचा आवाज अगदी तस्साच." आणि चपला शोधायला लागले.

ते पापनाशमला मुलीकडे गेले. तंजावुराहून बसनं तासाभराचा रस्ता. मी जाईन जाईन म्हणत होतो. पोंगल झालं की, परीक्षा झाल्या की, दीपावळी झाली की. तिसऱ्या वर्षी त्यांच्या मुलीचं कार्ड आलं. कोपरे काळे केलेलं, मयताच्या बातमीला करतात तसं.

दुसऱ्या दिवशी माझा तास होता, तोच धडा. मी मुलांना सांगितलं, ही फळी माझी नाही. एका अटेंडरनं बनवली, तो तिथे मागे उभा राहायचा. पाणी सोडून बाकीचं सांगितलं. मुलांना विशेष काही वाटलं नाही, त्यांना गोळी सोडायची घाई. फक्त दुसऱ्या बाकावरच्या एकानं हात वर केला.

"सार, मग त्यांनी स्वतः येऊन का नाही दाखवलं?"

"त्या वेळी नियम..." मी सुरुवात केली, आणि घंटा झाली. घंटा झाली म्हणून मला हायसं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

मुलं गेली. नवा अटेंडर कपाटाला कुलूप लावून गेला. मागच्या भिंतीवर, दोन खिडक्यांच्या मध्ये, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर एक गोल काळपट डाग आहे. वर्षानुवर्षं तेल लावलेलं डोकं टेकून झालेला. दर पोंगलला चुना लागतो, आणि चैत्र येईपर्यंत तो चुन्यातून वर येतो. मी तिथे जाऊन उभा राहिलो. तिथून टेबल दिसतं, फळी दिसते, आणि मी फळ्यावर लिहिलेलं सगळं, अगदी कोपऱ्यातलं बारीकसुद्धा, स्वच्छ वाचता येतं.